येडा म्हणजे डावीकडे

आमच्या ह्यांना बासष्टाव्या वर्षी मोटारसायकल घ्यायची हुक्की आली, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद मला झाला आणि सगळ्यात जास्त कटकटही मीच केली. आनंद दाखवला असता तर त्यांनी लगेच बेत मोडला असता. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं तरी कळतं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना होता. यंत्रमाग जुने झाले, ह्यांचे गुडघे कुरकुरायला लागले, आणि आमच्या मुलाला, गुरूला, बापाच्या धंद्यापेक्षा बँकेतली नोकरी बरी वाटली. मग ह्यांनी आपल्या हातानं माग विकले आणि शेड भाड्यानं दिली. वाईट असं काही झालं नाही. फक्त त्या दिवसापासून शरणप्पा, म्हणजे आमचे हे, पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसले ते बसलेच. टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तरी तिकडेच बघायचे. आमटीत मीठ नसलं तरी मुकाट्यानं जेवून उठायचे. पूर्वी मीठ कमी पडलं की सगळ्या गल्लीला कळायचं. त्या ओरडण्याची मला कधी आठवण येईल असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आणि एका संध्याकाळी समोरच्या रस्त्यानं कुणाची तरी गाडी धडधडत गेली, तसे हे खुर्चीतून उठून खिडकीशी गेले.

"निंगव्वा, ही कुटली गाडी म्हणायची?"

मला काय कळतंय गाड्यांतलं? पण त्या दिवसापासून मोबाईलवर गाड्या बघणं सुरू झालं. जेवताना गाडी, झोपताना गाडी. मी तोंडानं म्हणायची, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग," आणि मनात सिद्धेश्वराला हात जोडायची. कारण मला सरळ दिसत होतं, हे जमलं तर माणूस खुर्चीतून उठेल. फिसकटलं, तर पुन्हा उठणार नाही.

गुरूचं म्हणणं होतं की अप्पांनी बिनगिअरची स्कूटर घ्यावी. पण अप्पांचा मुलगा असून त्याला एवढं कळेना की स्कूटरसाठी कोण खिडकीपर्यंत उठून जातंय? शेवटी एका शनिवारी आम्ही तिघं होटगी रोडच्या शोरूममध्ये गेलो.

तिथली राजनंदिनी नावाची मुलगी फार गोड. बोलायची मात्र आगगाडी. "काका, तुम्हाला रेट्रो बघायची की नेकेड?"

गुरू छताकडे बघायला लागला. मी विचारलं, "काय म्हणालीस बाई?"

"नेकेड, काकू. म्हणजे इंजिन उघडं असतं, वरून झाकण नसतं."

"आणि अंगावर कपडा नसलेली गाडी घेऊन आम्ही देवळात जायचं व्हय?"

पोरगी हसून हसून लाल झाली. पण हे हसले नाहीत. ते त्या उघड्या इंजिनाच्या गाडीपुढं उभे होते. बैलाच्या वशिंडासारखी फुगीर टाकी, पुढं एकच गोल दिवा, मागची सीट वीतभर आणि तीही आभाळात. साडी नेसलेल्या बाईनं तिच्यावर बसायचं म्हणजे शिडी लागणार. मी ह्यांचा हात धरून त्यांना पलीकडच्या गाडीकडं नेलं.

पलीकडची मला बघताक्षणी आवडली. नवीच, पण घडण जुनी, म्हणजे त्या पोरीची ती रेट्रो. काळा रंग, टाकीवर सोनेरी रेघ, लांबरुंद सीट, मागं धरायला दांडा, पाय ठेवायला फळी, पदर चाकात जाऊ नये म्हणून जाळी. हुबेहूब आमची बुलेट. त्या बुलेटवर बसून मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला गेले होते. गुरू पोटात असताना दवाखान्यात त्याच गाडीवरून गेले. पुढं घरात कार आली आणि बुलेट गेली. मी म्हटलं, "हीच घ्या. हिच्यावर तुम्ही अगदी पैल्यासारखे दिसाल."

ह्यांनी मान हलवली. राजनंदिनीनं चावी दिली, हेल्मेट दिलं आणि म्हणाली, "काका, एक चक्कर मारून या. फक्त गिअर डावीकडे आहे हं."

आता इथं एक सांगायला पाहिजे. आमच्या त्या जुन्या बुलेटचा गिअर होता उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. आताच्या सगळ्या गाड्यांना ते उलटं. ह्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. डोक्याला माहीत होतं. पण पायाला कोण सांगणार? जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते पायालाही लागू आहे.

निघाले तेव्हा ठीक निघाले. ताठ बसले होते, आणि खरंच मला क्षणभर तरणे वाटले. परत येताना शोरूमच्या दारासमोर एक रिक्षा अचानक थांबली. ह्यांनी जोरात ब्रेक दाबला, म्हणजे डावा पाय दाबला. तिथं ब्रेक नव्हताच. गाडी थांबायच्या ऐवजी गुरगुरली, हिसका देऊन पुढं गेली आणि रिक्षाच्या पाठीला जाऊन टेकली. मग हळूच आडवी झाली, आणि तिच्याबरोबर हेही.

लागलं काहीच नाही. रिक्षालाही काही झालं नाही. पण रिक्षावाला खाली उतरला, ह्यांना हात देऊन उठवलं आणि सगळ्यांदेखत मायेनं म्हणाला, "चाचा, इस उमर में ये घोडा नक्को. स्कूटी लेव, आराम से जाव."

तो बिचारा मनापासून बोलला, म्हणून तर जास्त लागलं. गुरू म्हणाला, "अप्पा, साकु आता." साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे. ह्यांनी चावी राजनंदिनीच्या हातात दिली, आणि घरी येऊन खुर्चीत बसले. त्या रात्री आमटीत मी मुद्दाम मीठ घातलं नाही. काही बोलले नाहीत.

मला असा राग आला म्हणून सांगू! रिक्षावाल्याचा, गुरूचा, त्या काळ्या गाडीचा, आणि सगळ्यात जास्त ह्यांचा. एवढा मोठा कारखाना चालवलेला माणूस एका पायापुढं हरतो?

रविवारी सकाळी मी गुरूच्या रोजच्या मोटारसायकलची चावी खिळ्यावरून काढली आणि खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले.

"एमआयडीसीत जायचंय. भाडेकरूनं शेडचा पत्रा बदलला का न्हाय, बघाय पायजे."

"गुरूला सांग की."

"गुरूला मी सांगत न्हाय. तुमी चला."

"पाय चुकतो, निंगव्वा."

"चुकू द्या. मी मागं बसून सांगते."

गुरू आतून ओरडला, "अव्वा, दोघंपण पडाल!" मी म्हटलं, "पडलो तर उचलायला ये."

अक्कलकोट रोडवर त्या दिवशी शुकशुकाट होता. एमआयडीसीला सुट्टी, माग बंद, आतले रस्ते मोकळे. मी मागं बसून डोळ्यांत तेल घालून ह्यांच्या पायांकडं बघत होते. गिअरची वेळ आली की सांगायचं डावा, ब्रेकची वेळ आली की सांगायचं उजवा, एवढंच काम. पण माझी एक अडचण आहे. शाळा मराठीत झाली तरी मला डावं-उजवं आईनं शिकवलं, आणि तेही कन्नडमध्ये. मराठीत 'डावा' म्हणायचं तर आधी मला जेवायचा हात आठवावा लागतो. तोवर गाडी रिक्षाला धडकलेली असते. म्हणून घाईत तोंडातून कन्नडच निघायला लागलं. कन्नडमध्ये डावा म्हणजे येडा. उजवा म्हणजे बला.

"येडा!" मी ओरडायची, हे गिअर टाकायचे. "बला, बला!" की ब्रेक. "अवो येडा! येडाऽ! आता बला!" असं करत आम्ही सगळ्या एमआयडीसीत फेऱ्या घालत होतो. माझा आवाज तसा लहान नाही. मागांच्या खडखडाटात बोलून बोलून तयार झालेला आवाज आहे.

कोपऱ्यावर एक नवी चहाची टपरी होती. तिसऱ्यांदा आम्ही तिथून चाललो, तशी टपरीवाली बाई हातातलं पातेलं ठेवून थेट रस्त्यात आली आणि आडवा हात करून तिनं गाडी थांबवली. ह्यांनी ब्रेक बरोबर दाबला, हे मी लगेच टिपलं.

"व बाई," ती मला म्हणाली, "मगाधरनं ऐकतीया मी. नवरा हाय तो तुमचा! म्हातारा मानूस गप गाडी चालवतोय, आन् तुमी भर रस्त्यात त्येला येडा म्हंता, बला म्हंता? मी सोजरबाई, नातेपुत्याची. आमच्याकडं असलं चालत न्हाय."

मला तोंड उघडायला जागाच ठेवली नाही तिनं. आणि तेवढ्यात मला एक आवाज ऐकू आला. आधी वाटलं गाडीच घरघरतेय. पण गाडी तर बंद पडली होती. माझ्या पुढचे खांदे हलत होते. हे हसत होते. हेल्मेट काढून, डोळे पुसत, त्या बाईला म्हणाले, "खरं हाय वो तिचं. येडाच हाय मी. आन् मागं बसलीय ती बला."

मला रडू आलं. मी पदर तोंडाला लावला आणि सोजरबाईला वाटलं मला पस्तावा झाला. तिनं मोठ्या मनानं माफ केलं आणि आम्हा दोघांना चहा दिला. सगळा उलगडा झाल्यावर ती एवढी हसली की तिची दुसऱ्या आधणाची वेळ टळली.

तिथून आम्ही आमच्या शेडकडं गेलो. पत्रा बदलला होता. पाटीही बदलली होती. आतमध्ये आता खोक्यांचं गोदाम आहे. ज्या दारातून सकाळ-संध्याकाळ खडखड ऐकू यायची, त्या दारात एक मांजर झोपलं होतं. हे गाडीवर बसूनच बघत राहिले. मग त्यांनी गाडी चालू केली, आणि मी 'येडा' म्हणायच्या आत त्यांच्या डाव्या पायानं गिअर टाकला.

पुढच्या सगळ्या सुट्ट्या आम्ही हेच केलं. सोजरबाई लांबूनच ओरडायची, "आले बगा येडा आन् बला!" आणि एक दिवस हे मला म्हणाले, "चल, शोरूमला जाऊ." गुरूला मी सांगितलंच नाही.

राजनंदिनीनं आम्हाला ओळखलं. तिनं ती काळी, सोनेरी रेघेची गाडी पुढं काढली. हे त्या काळ्या गाडीला ओलांडून गेले आणि त्या दुसरीपुढं, त्या उघड्या इंजिनाच्या गाडीपुढं जाऊन उभे राहिले.

"ही घेऊ म्हणतो."

"अवो, ती कशाला?" मी म्हटलं. "ही बघा की. अगदी आपल्या बुलेटवानी हाय."

"म्हणूनच नको. ती जुन्यासारखी दिसती. मग पायाला वाटतं जुनीच हाय, अन् पाय जुन्या जागी जातो. ही कशासारखीच दिसत न्हाय. हिच्यावर बसलं की पायाला कळतं, हे नवं हाय, शिकाय पायजे."

मी म्हटलं, "पर त्या गाडीवर तुमी कसे पैल्यासारखे—"

"निंगव्वा." त्यांचा आवाज चढला नाही. "माग गेले. त्यो मालक बी गेला. तू रोज त्या खुर्चीत त्येला हुडकतीस, मला दिसतं की. मीठ न घालता आमटी करतीस, ते बी कळतं. पर त्यो आता यायचा न्हाय. मी हाय. चालंल का?"

भर दुकानात असं विचारतात का कुणी? राजनंदिनी एकदम कॉम्प्युटरमध्ये काहीतरी शोधायला लागली. माझ्याकडं नेहमी उत्तर तयार असतं, माहेरापासून ख्याती आहे माझी. त्या वेळी मात्र मी नुसती त्या वीतभर सीटकडं बघत राहिले.

"आन् मी कुटं बसू?" शेवटी एवढंच निघालं.

"मागं. आनि कुटं?"

त्यांनी गाडी बाहेर काढली, स्टँड वर केला आणि दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकवून थांबले. मी पदर खोचला, त्यांच्या खांद्यावर भार टाकला आणि कशीबशी वर चढले. बुलेटवर इतकी वर्षं मी मागचा दांडा धरून बसायची. ह्या गाडीला धरायला दांडाच नाही, सीटखाली नुसती एक खाच आहे, तिथं माझा हात पोचेना. दुकानातले सगळे बघत होते. मी ह्यांच्या कमरेला हात घातला.

"चालंल," मी म्हटलं. "पर सावकाश."