वीस झोके, वीस मणी

मित्रांनो, मी शाळेच्या प्रयोगशाळेतला एक जुना लंबक आहे. एक पितळी गोळा आणि मीटरभर दोरा, एवढाच माझा संसार. पूर्वी मुलं मला आ वासून पाहत. आता वीस झोके मोजतात, वेळ लिहितात आणि मोकळी होतात. काही शहाणी तर शेजाऱ्याच्या वहीतूनच वेळ उतरवतात!

यंदा मात्र एका मुलीने मला चकित केलं. पुस्तकातली अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे जागा बदलत. बाई एका दमात सांगत, "दोरा मोज, गोळा सोड, घड्याळ लाव, झोके मोज, वेळ लिही." तिसरी सूचना येईतो पहिली तिच्या डोक्यातून निसटलेली असे. घड्याळाकडे पाहिलं, की मोजलेले झोके विसरायची.

"लक्षच नाही तुझं," बाई शेवटी वैतागल्या. "परवाच्या प्रात्यक्षिकात चुकलीस, तर पुढच्या वर्षी विज्ञानाचं नाव काढू नकोस."

ती माझ्यासमोरच रडली. मला फार वाईट वाटलं.

काचेच्या नळ्या धुणारे मामा हात पुसत जवळ आले. "अगं, आकडे माझ्याही डोक्यात टिकत नाहीत. दहा नळ्या झाल्या, की एक मणी या खिशातून त्या खिशात. डोक्याला कशाला ताप?"

त्यांनी तिला वीस मणी दिले. मग दोघांनी मिळून सूचनांच्या चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर एकच सूचना, शेजारी चित्र.

प्रात्यक्षिकाला एकेक चिठ्ठी पाहत तिने मला सोडलं. दर झोक्याला एक मणी स्टीलच्या वाटीत पडू लागला. टण्. टण्. वीस मणी, चाळीस सेकंद. अगदी बरोबर! पण तिने मणी पुन्हा उचलले आणि मला तसंच झुलू दिलं.

"बाई, डोळे मिटून ऐका ना. झोका लहान होत चाललाय, पण टण् तेवढ्याच वेळाने येतंय. असं का?"

बाईंनी डोळे मिटले. खोलीत फक्त माझी लय उरली. इतकी वर्षं लोंबकळतोय, पण ती मी स्वतःही कधी ऐकली नव्हती.

"हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते," बाई हळूच म्हणाल्या. "ऐकवलं कुणीच नव्हतं. माझं चुकलं गं."

"मग विज्ञान घेऊ?"

"घे. आणि हे 'असं का' रोज घेऊन ये."

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कुणाच्या डोक्यात पाच गोष्टी एकदम मावत नसतील, तर त्या एकेक करून द्या. तिथे काय मोठं चाललंय, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं?