पडद्यावरची जळकी रेघ

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली गोष्ट सांगताना आधी आपला जन्म सांगतात. मी आधी माझी किळस सांगतो. मी एक जुने भिंग आहे. पितळेची कडी, लाकडी मूठ आणि कडेला तांदळाएवढा एक टवका. सध्या मी एका छापखान्याच्या मालकांच्या टेबलावर, चौकटीच्या कागदावर पडून आहे. त्या कागदावर निळ्या शाईची एक रेघ डावीकडून उजवीकडे उतरत जाते. कॉम्प्युटरच्या मेमरीचा आणि स्क्रीनचा भाव महिन्यामहिन्याला किती उतरला, ते दाखवणारी ही रेघ. लोक पाळण्यातल्या बाळाकडे पाहतात तसे मालक तिच्याकडे पाहतात, आणि मला ओकारी येते.

काचेला ओकारी येत नाही, हे मला कळते. शिवाय मी भिंग. माझ्यातून सगळेच मोठे दिसते, तेव्हा माझा रागही असावा त्याहून मोठा झाला असेल. तुम्हीच ऐकून ठरवा.

माझी काच एका कारागिराने अकरा दिवस घासली. मला पहिल्यांदा विकत घेतले ते एका घड्याळजीने. त्याचा हात इतका हलका होता, की त्याने मला उचलले हे मला खाली दिसणाऱ्या चाकांवरूनच कळायचे. रोज सकाळी तो माझ्यावर हलकी फुंकर मारून मऊ कापडाने मला पुसायचा. मी कोणाच्या तरी कामाचा आहे, असे मला तिथे निःशंकपणे वाटले. पुढे तसे कधी वाटले नाही.

घड्याळजी गेला, तेव्हा त्याच्या मुलीने दुकानातले बाकी सगळे विकले आणि मला घेऊन ती कामावर गेली. तिचे काम या छापखान्यात होते. औषधांच्या बाटल्यांची लेबले ती कॉम्प्युटरवर तयार करायची. सगळे तिला ताई म्हणत. वयाने मोठे असलेले मालकसुद्धा ताईच म्हणत. लेबल तयार झाले की ताई त्याची कच्ची प्रत कागदावर काढायच्या, मला हातात घ्यायच्या आणि एकेक रेघ, एकेक आकडा तपासायच्या. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही चूक बाटलीपर्यंत गेली नव्हती. ही एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात मिरवली, आणि तीही मनातल्या मनात.

शेजारच्या खोलीत कागद कापायचे मोठे मशीन होते. ते चालवणारा कटरवाला मोठा बोलघेवडा. तो म्हणायचा, "धनुष्यातून सुटलेला बाण आणि ताईंच्या भिंगाखालून गेलेलं लेबल, दोन्ही परत येत नाहीत."

ते माझे कौतुकाचे दिवस.

आता मालकांविषयी. त्यांना पाठीमागे सगळे थांबाराव म्हणत. खूप वर्षांपूर्वी त्यांनी कॉम्प्युटरसाठी मेमरीची पट्टी घेतली होती. आणली आणि पुढच्याच महिन्यात तिचा भाव निम्म्यावर आला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, हे मी ऐकले होते. थांबारावांनी ताक प्यायचेच सोडले. त्यांनी चौकटीचा कागद आणला, भिंतीवर टाचला आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला जिभेवर अंगठा ओला करून, वर्तमानपत्र उलटून, त्यावर एक ठिपका द्यायला सुरुवात केली. तो थुंकीचा अंगठा मग ते ताईंच्या स्क्रीनवर टेकवून "हे काय?" म्हणून विचारत. तो ओलसर ठसा वाळून जायचा आणि त्यावर माशा बसायच्या. मला नाक टेकवावे लागायचे ते याच काचेवर.

ताईंचा स्क्रीन जुना, काचेच्या नळीचा, पाठीला कुबड असलेला होता. तो थरथरायचा. ताईंचे डोळे दुपारपर्यंत लाल व्हायचे. शिवाय खाली उजव्या कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढ्या लांबीची एक काळी रेघ त्यावर कायमची जळून बसली होती. कॉम्प्युटरची मेमरीही तुटपुंजी. लेबल मोठे करून पाहायला गेले, किंवा नुसते वरखाली सरकवले, तरी मशीन पाच-पाच मिनिटे गोठून बसायचे. म्हणून ताई लेबल लहानच ठेवायच्या आणि मोठे करायचे काम मी करायचो.

"नवा स्क्रीन आणि मेमरीची एक पट्टी, एवढं तरी घ्या," ताई पहिल्यांदा म्हणाल्या, तेव्हा कागदावरची निळी रेघ भिंतीएवढ्या उंचीवर होती.

"ताई, भाव पडतोय. पडत्या भावात घेणारा तो मूर्ख. दोन महिने थांबा."

दोन महिन्यांनी भाव आणखी पडला. मालक खुशीत आले. "बघा! तेव्हा घेतला असता तर? अजून पडणार आहे हा."

मग एकदा कुठेतरी मेमरी बनवणारा कारखाना बंद पडला आणि भाव वर गेला. निळ्या रेघेला उंटासारखी मदार आली. ताई पुन्हा गेल्या.

"आता? आता तर भाव चढलाय! चढत्या भावात घेणारा तो महामूर्ख. उतरू दे की."

पलीकडून कटरवाला म्हणाला, "म्हणजे मालक, पडताना घ्यायचं नाही, चढताना घ्यायचं नाही. मग घ्यायचं कधी, भाव झोपला की?"

"तू तुझं कापणं बघ," मालक म्हणाले.

मित्रांनो, मालक नुसते थांबले असते तर मी एवढा चिडलो नसतो. गरिबी, तंगी मला कळते. घड्याळजीकडेही एक हत्यार घ्यायला तीन वर्षे लागली होती. पण मालक थांबतही होते आणि वस्तू आल्यासारखे वागतही होते. त्यांनी कागदावरच्या कच्च्या प्रती बंद केल्या. "स्क्रीन येतोच आहे. मग कागद कशाला नासायचा? आतापासूनच स्क्रीनवर तपासायची सवय करा." जो स्क्रीन आलेला नव्हता त्याच्या जोरावर त्यांनी जादा कामही घेतले. एका औषध कंपनीची ताप उतरवण्याच्या औषधाची लेबले.

ताईंनी नाही म्हणायला हवे होते, असे तुम्ही म्हणाल. त्या म्हणाल्याही.

"या स्क्रीनवर मला नीट दिसत नाही हो."

"भिंग आहे की तुमच्याकडे!" मालक म्हणाले, आणि मला उचलून त्यांनी स्वतःच्या डोळ्याला लावले. तो डोळा मी आतून पाहिला. पिवळट, ओला आणि अतिशय समाधानी. "वा! एवढं स्वच्छ दिसतंय! हे असताना घाई कसली?"

त्या क्षणी मला अभिमान वाटला. खोटे कशाला बोलू? इतक्या वर्षांनी कोणी तरी माझी तारीफ केली होती. मी त्या ओल्या डोळ्याला चमकून दाखवले. आज ते आठवले की मला स्वतःवर फडके टाकावेसे वाटते.

त्या औषधाबरोबर एक छोटा प्लास्टिकचा पेला मिळायचा. पेल्याला चिकटवायची पट्टी आमच्याकडे छापायची होती. पट्टीवर चार आडव्या रेघा. सर्वांत खालची पहिली रेघ वर्षाच्या आतल्या बाळासाठी, दुसरी त्याच्या दुप्पट, त्याहून मोठ्या मुलांसाठी, आणि अशाच पुढच्या. बाटलीवर लिहिलेले असायचे, 'एक वर्षाच्या आतील बाळास पहिल्या रेघेपर्यंत.'

ताई पट्टी तयार करत असताना मशीन दोनदा गोठले. दुसऱ्यांदा ते सुरू झाले तेव्हा पट्टीतली सर्वांत खालची रेघ गळून पडली होती. आणि बरोबर तिथेच, त्याच उंचीवर, तेवढ्याच लांबीची, पडद्याची जळकी रेघ होती.

ताईंनी मला पडद्याजवळ धरले. एक, दोन, तीन, चार. चार रेघा भरल्या.

आता मी जे सांगणार आहे ते मी कोणालाही सांगितलेले नाही. मला फरक दिसला. भिंगातून पाहिला तर असा पडदा म्हणजे लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांचे शेत असते. खऱ्या काळ्या रेघेत ते ठिपके झोपलेले असतात. त्या रेघेत ते जळालेले होते, खरबरीत, राखेसारखे. मी ते मोठे करून दाखवले. पण ताईंच्या डोळ्यांतून सकाळपासून पाणी येत होते, आणि दाखवण्यापलीकडे मला काही येत नाही.

तरीही त्यांचा हात अडखळला. त्या म्हणाल्या, "मालक, जरा सरकवून बघते. ती जळकी रेघ इथंच आहे."

लेबल सरकवले असते तर खऱ्या रेघा सरकल्या असत्या आणि जळकी जागच्या जागी राहिली असती. एवढेच करायचे होते.

"पुन्हा गोठेल मशीन! दारात कंपनीची गाडी उभी आहे. भिंगातून मोजल्या ना?"

"मोजल्या. चार आहेत."

"मग झालं तर. बावीस वर्षं झाली तुम्हाला, ताई. स्वतःच्या डोळ्यांवर थोडा तरी विश्वास ठेवा."

ताईंनी मला खाली ठेवले. पट्ट्या छापल्या गेल्या, कटरवाल्याने त्या कापल्या आणि गाडी निघून गेली.

नऊ दिवसांनी सकाळी, पट्टीच्या कडेला छापलेला आमचा पत्ता वाचून एक बाई छापखान्यात आली. तिच्या हातात तो पेला होता. तिने तो मालकांच्या टेबलावर ठेवला नाही, आदळलाही नाही, नुसता धरून ती उभी राहिली. तिचे बाळ सात महिन्यांचे होते. 'पहिल्या रेघेपर्यंत' वाचून तिने पहिल्या रेघेपर्यंत औषध पाजले होते. दिवसातून चार वेळा, तीन दिवस.

"मी वाचूनच दिलं," ती म्हणाली. "दर वेळी वाचलं. मी चुकले नाही ना?"

हा प्रश्न ती तिथल्या प्रत्येकाला एकेकदा विचारत होती. बाळ दवाखान्यात होते. ते वाचले, हे आधीच सांगतो, म्हणजे तुम्ही काळजीत राहणार नाही. पण त्या सकाळी ते कोणालाही माहीत नव्हते.

ताईंनी पेला घेतला आणि मला त्यावर धरले. एक, दोन, तीन. पहिली म्हणून उरलेली रेघ खरे तर दुसरी होती, दुप्पट औषधाची.

"तुम्ही नाही चुकलात," ताई म्हणाल्या. "मी चुकले."

मालक लगेच म्हणाले, "तेच तर! वयाप्रमाणे डोळे जातात हो माणसाचे. मी कितीदा सांगितलं यांना, नीट बघत जा म्हणून."

कटरवाल्याने मशीन बंद केले आणि तो दारात येऊन उभा राहिला. नेहमी तोंडाचा पट्टा चालू असलेला तो माणूस फक्त एवढेच म्हणाला, "मालक, काही तरी शरम..." आणि थांबला. त्यालाही घर होते.

पेले बाजारातून परत मागवले गेले. ताईंचे काम गेले. बावीस वर्षांत एक चूक, आणि लोकांना तेवढी एकच लक्षात राहिली.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला मालकांनी ठिपका दिला आणि ते खुर्चीवरून ताडकन उठले. भाव तळाला गेला होता. त्याच दिवशी नवा, रुंद, सपाट स्क्रीन आला आणि मेमरीच्या दोन पट्ट्या आल्या. त्यानंतर भाव खरोखरच चढला. मित्रांनो, थांबारावांचा अंदाज अगदी बरोबर ठरला. ते चुकले असते तर मला जरा बरे वाटले असते. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते निळ्या रेघेचा तळ दाखवतात, त्याला त्यांनी लाल गोल केला आहे. "याला म्हणतात धीर!" असे म्हणून ते जीभ दाताला लावून चक् असा आवाज करतात.

ताई आपल्या वस्तू न्यायला आल्या, तेव्हा मालकांनी मला उचलून त्यांच्या पुढे धरले. "हे विसरू नका. वडिलांचं आहे ना?"

ताईंनी हात पुढे केला नाही. त्यांनी नव्या स्क्रीनकडे पाहिले.

"राहू दे इथंच," त्या म्हणाल्या. "हे होतं म्हणून तुमचं भागलं. हे नसतं तर तुम्हाला नवा स्क्रीन तेव्हाच घ्यावा लागला असता."

घड्याळजीच्या मुलीने मला असे टाकले. त्यांचे बरोबर होते की नाही, यावर मी अजून विचार करतो. कधी वाटते माझ्यावर अन्याय झाला, कधी वाटते मला टाकायला फार उशीर झाला.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात, शाळेत, कामाच्या जागी असे कोणी तरी असेल, जे मोडक्या वस्तूवरही काम भागवते. त्याची तारीफ करताना जरा जपा. 'तुमचं भागतंय की' हे शब्द गोड असतात, पण ते कोणाच्या डोळ्यांवर भागते आहे, ते जवळ जाऊन पाहा. आणि वस्तू स्वस्त होईपर्यंत थांबायचे असेल तर जरूर थांबा, पण त्याची झळ स्वतःच्या अंगावर घेऊन थांबा.

हे सांगायची मला घाई आहे, कारण भिंतीवर आता दुसरा चौकटीचा कागद लागला आहे. कापायच्या मशीनचा ब्रेक हल्ली सटकतो. पात्याखाली हात असला की मशीन आपोआप थांबवणारा एक सेन्सर मिळतो. कटरवाल्याने दोनदा मागितला. मालक वर्तमानपत्रातला त्याचा बारीक छापलेला भाव माझ्यातूनच वाचतात. भाव पडतो आहे.

कटरवाला रोज संध्याकाळी कापलेल्या कागदांचा गठ्ठा मालकांच्या टेबलावर आणून ठेवतो. त्याचे हात क्षणभर माझ्यावरून जातात. मी ते होतील तेवढे मोठे करतो आणि बोटे मोजतो.

आज दहा होती.