दवाची आई

आमच्या कामाला दोन माणसं लागतात. एकानं आपली नक्कल मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं मूळ पोथीवर बोट ठेवून ऐकायचं. मजकूर जुळला की ऐकणाऱ्यानं ‘जुळलं’ म्हणायचं, नाही जुळला तर वाचणाऱ्याला थांबवायचं. वाचन जिथं थांबेल तिथं पानाच्या कडेला ‘बलग़’ असा शब्द लिहायचा. म्हणजे, इथवर पोचलो. पोथ्या ताडून पाहायची आमच्याकडची ही जुनी रीत. मी तिच्यात एवढाच बदल केला की ‘जुळलं’ म्हणण्याऐवजी पेन्सिल टेबलावर टेकवायची. टक्. मला बोलायचा संकोच वाटतो, बायकोसमोरसुद्धा.

वाचायची माझी बायको, रादिया. ती ट्युनिसच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायची, मी हस्तलिखितं. कैरवानच्या एका वैद्यानं फार पूर्वी लिहिलेलं झाडपाल्याचं पुस्तक आम्ही दोघांनी मिळून छापायला घेतलं होतं. वैद्याचं नाव पोथीच्या पहिल्या पानाबरोबर फाटून गेलेलं. माहीत असलेली प्रत जगात ती एकच. मी अक्षरं लावायची, तिनं ते रोप कोणतं ते ओळखायचं. तिच्या विभागातले लोक तिला विचारायचे, “काय, आज तुझ्या मेलेल्या वैद्यानं काय लिहून दिलं?” माझ्या विभागातले मला काही विचारत नसत. मी त्यांना जिन्यात भेटण्याचं टाळायचो.

पुस्तकातली सगळी रोपं तिनं ओळखली. एक राहिलं. त्याचं नाव ‘दवाची आई’. पान गाढवाच्या कानासारखं जाड आणि लवदार, पहाटेचं दव धरून ठेवणारं; ज़ग़वानच्या डोंगरावर झऱ्याच्या वर, कातळाच्या भेगेत उगवतं; फूल पिवळं; बोंडाला चार कोपरे; वास इतका उग्र की साप जवळ येत नाही; रस अंगाला लागून ऊन लागलं तर फोड येतात.

“हे सतापीच्या कुळातलं आहे,” ती पहिल्याच दिवशी म्हणाली. सतापीला आमच्याकडे फीजल म्हणतात. “चार कोपऱ्यांचं बोंड, उन्हात फोड, सगळं त्या कुळाचं. पण लवदार, जाड पानाची फीजल मी पाहिलेली नाही. कुणीच पाहिलेली नाही. खमीस, हे नवीन आहे!”

नवीन रोप ज्याला सापडतं त्यानं त्याला शास्त्रातलं नाव द्यायचं असतं. स्वतःचं द्यायचं नाही, तो उद्धटपणा समजतात. दुसऱ्या कुणाचंही चालतं.

कुणाचं, हे मला विचारावं लागलं नाही. आमची मुलगी हिंद सहा वर्षांची होऊन तापानं गेली होती. तिला आईबरोबर रानात जायचा नाद. प्रत्येक झुडपापाशी बसून विचारायची, “याचं नाव काय? आणि याचं?” आणि मग हमखास, “माझ्या नावाचं कुठलं?” रादिया म्हणायची, “तुझ्या नावाचं अजून उगवायचंय, थांब जरा.” पोरीनं थोडीच वाट पाहिली.

दवाच्या आईचं पान वाचल्यापासून दर वसंतात रादिया ज़ग़वानला जायची. डोंगराचे कातळ तिनं एकेक करून पाहिले. परत आली की बूट दारात काढायची, म्हणायची, “नाही,” आणि आंघोळीला जायची. मी कॉफी ठेवायचो, तिच्यात नारिंगीच्या फुलांचं पाणी दोन थेंब जास्त घालायचो. आमचं सांत्वन एवढंच.

एक गोष्ट तिला नेहमी खटकायची. “हा तुझा वैद्य कैरवानचाच ना? मग फीजल कशी नाही याच्या पुस्तकात? घरोघरी कुंडीत असते, दारावर बांधतात, कॉफीत टाकतात. फीजल न लिहिणारा वैद्य म्हणजे मीठ विसरलेला स्वयंपाकी!”

मी यावर प्रस्तावनेत दीड पान लिहिलं. फीजल इतकी परिचित होती की वैद्याला तिची नोंद करण्याची गरज वाटली नसावी, असं. ते दीड पान मला बरं साधलं आहे असं वाटायचं. माझ्या लिखाणाबद्दल मला असं क्वचितच वाटतं.

मागच्या हिवाळ्यात रादियाला हृदयाचा झटका येऊन गेला. डॉक्टरनं जिने बंद केले, डोंगराचं तर नावच नको. ती ऐकून घेत होती आणि तिची जुनी विद्यार्थिनी नाइला, जी आता तिच्याच जागेवर शिकवते, तिच्याकडे बघत होती. बाहेर आल्याबरोबर दोघींचं ठरलं.

“गाडी पार झऱ्यापर्यंत नेईन, लल्ला रादिया,” नाइला म्हणाली. आमच्याकडे मोठ्या बाईला मानानं लल्ला म्हणतात, पुरुषाला सी. “पुढचा एकच कडा राहिलाय तुमचा. पाठुंगळी घेऊन चढेन.”

“पाठुंगळी तुझ्या नवऱ्याला घे. मी चालेन.”

“सी खमीस, तुम्ही काही बोला की! का हेही पेन्सिलीनंच सांगणार?”

मी म्हणालो, “डॉक्टर नको म्हणालेत.” ते इतकं हळू म्हणालो की रस्त्यावरच्या गाड्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. किंवा ऐकू गेलं असेल.

रादियानं बुटांना चरबी लावली. रोपं दाबायला जुनी वर्तमानपत्रं लागतात. त्यांचा गठ्ठा बांधून तिनं दाराशी ठेवला. शुक्रवारी जायचं ठरलं.

त्याच आठवड्यात जेर्बा बेटावरून सी यूनुसचा फोन आला. त्यांच्या घरात पिढ्यांपासून पोथ्या आहेत. मागे कधी तरी मी त्यांना आमच्या पुस्तकाबद्दल विचारून ठेवलं होतं आणि विसरूनही गेलो होतो.

“सी खमीस, तुमचा वैद्य सापडला! माझ्या आजोबांच्या पेटीत झोपला होता. कीड लागलीय, पण कीड तुमच्यासारखीच सभ्य. कडा खाल्ल्यात, मजकुराला तोंड लावलेलं नाही. पोरीकडून फोटो काढून पाठवतो.”

दुसरी प्रत! आमच्या धंद्यात माणसाला यापेक्षा मोठं सुख नसतं. रादिया तपासणीसाठी इस्पितळात गेली होती, नाइला सोबत होती. मी फोटो उघडले आणि आधी दवाच्या आईचं पान काढलं.

पान गाढवाच्या कानासारखं. कातळाची भेग. फूल पिवळं.

त्यापुढे बोंड नव्हतं. त्यापुढे लाल शाईत नवा मथळा होता: ‘फीजल’. मग फीजलीचं वर्णन, काही ओळींचं, आणि त्याच्या शेवटी पुन्हा, फूल पिवळं. बोंडाला चार कोपरे. वास, साप, फोड, सगळं त्यानंतर.

नक्कल करणाऱ्याच्या बाबतीत हे होतं. तो एक ओळ लिहितो, दौतीकडे बघतो, पुन्हा पोथीकडे बघतो आणि तेच शब्द खाली दुसऱ्यांदा असले तर नजर तिथं जाऊन बसते. मधलं सगळं गळतं. आमच्या लेखनिकाची नजर एका पिवळ्या फुलावरून दुसऱ्या पिवळ्या फुलावर गेली होती. दोन रोपांचं त्यानं एक केलं होतं. विद्यार्थ्यांना मी ही चूक पहिल्याच तासाला शिकवायचो.

मग मला ती का दिसली नाही? मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे आणि मला एवढंच सापडतं. रादिया म्हणाली होती की असं रोप असू शकतं. तिचं शास्त्र तपासायची माझी काय प्राज्ञा! आणि रादिया समजत होती की मजकूर असाच आहे, कारण तो मी लावला होता. मी तिच्या जमिनीवर उभा होतो आणि ती माझ्या.

दवाची आई म्हणजे काय, हे मलासुद्धा कळलं. खळं झाडायला जिच्या काड्यांचे झाडू करतात ती, रस्त्याकडेलाही वाढणारी, लवदार पानांची, पिवळ्या फुलांची. ज़ग़वानला जाताना गाडीच्या खिडकीतून दिसते. आणि दुसरी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, कुंडीत.

गुरुवारी सकाळी वाचन सुरू करायच्या आधी मी ठरवलं होतं की बोलायचं नाही. मग ठरवलं होतं की बोलायचं, नाही तर ती त्या कड्यावर चढेल आणि तिथंच पडेल, नसलेल्या रोपासाठी. मग वाटलं, पडली तर शोधता शोधता पडेल. माझ्यासारख्या माणसानं अशा गोष्टी ठरवू नयेत.

जेर्बाची प्रत आली आहे हे तिला नाइलाकडून कळलं होतं; फोन आल्या आल्या मी नाइलाला कळवलं होतं. ती आनंदात होती. “आज तुझ्या नव्या प्रतीशी ताडू. उद्या डोंगरावर जायचंय, तर माझंच पान घे. एकदा ऐकून जाते.”

मी म्हणालो, “क्रमानं घेऊ.”

“क्रम नंतर. ऐक.” तिनं चष्मा लावला. “पान गाढवाच्या कानासारखं.”

टक्.

“जाड, लवदार, पहाटेचं दव धरून ठेवणारं.”

टक्.

“कातळाच्या भेगेत, झऱ्याच्या वर. फूल पिवळं.”

टक्.

“बोंडाला चार कोपरे.”

पेन्सिल खाली जायला हवी होती. मी तिला सांगत होतो की जा. ती बोटात तशीच राहिली.

रादियानं पुढचं वाक्य सुरू केलं आणि सोडून दिलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “जुळत नाही?”

मी पुन्हा त्या ओळीवर बोट ठेवलं.

“एखादा शब्द वेगळा आहे? खमीस, अरे, चेहरा काय झालाय तुझा! दाखव इकडे.”

मी पान तिच्याकडे फिरवलं. तिनं बोट ठेवून वाचलं. लाल शाईतल्या मथळ्याशी तिचं बोट थांबलं, मधल्या ओळी सोडून खालच्या पिवळ्या फुलापर्यंत गेलं, परत वर आलं. तिला माझ्यापेक्षा कमी वेळ लागला.

ती हसली. खरंच हसली. “फीजल! अरे, विसरला नव्हता बिचारा. आणि आपण त्याला काय काय म्हटलं!” तिनं मान वळवून खिडकीतल्या कुंडीकडे पाहिलं. “कालच पाणी घातलं मी हिला.”

मग तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“लवदार पानाची फीजल,” ती म्हणाली. “मला कळायला हवं होतं. विद्यार्थ्यानं असं काही आणलं असतं तर मी म्हटलं असतं, बाळ, तू दोन रोपांचे तुकडे एका कागदावर चिकटवलेस.”

“चूक माझी आहे. मजकूर माझा होता.”

“गप. आता त्यावर हक्क सांगू नकोस.”

मला काही तरी द्यायचं होतं तिला. मी म्हणालो, “आपण पुस्तक हिंदला अर्पण करू. पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरांत.”

“पुस्तक कुणीही कुणालाही अर्पण करतं,” ती म्हणाली. “पुस्तकाची पानं फाटतात, तुला माहीत आहे. रोप दर वसंतात उगवलं असतं.”

“फीजलही उगवते,” मी म्हणालो. इतकं मूर्खासारखं मी आयुष्यात काही बोललो नसेन.

“तिला नाव आहे,” रादिया म्हणाली.

ती उठली. दाराशी जाऊन वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याची दोरी सोडली, वरचा कागद टेबलावर पसरला आणि ओट्यावरची मासळी त्यावर घेऊन साफ करायला बसली. खवले सगळीकडे उडत होते. माझ्या पोथीच्या फोटोंवरही. मी ते उचलले नाहीत.

शुक्रवारी सकाळी नाइलानं खालून भोंगा वाजवला. रादिया खिडकीतून वाकली. “वर ये! कालची मासळी आहे, गरम करते!”

“आणि डोंगर?”

“डोंगर तिथंच आहे.”

नाइलाला तिनं स्वतः सगळं सांगितलं, एखादी गंमत सांगावी तसं. नाइलानं माझ्याकडे पाहिलं, मग दारातल्या बुटांकडे. जेवली, भांडी घासली आणि जाताना रादियाच्या डोक्याचं चुंबन घेऊन गेली.

शनिवारी रादिया चष्मा लावून टेबलाशी बसली.

“कुठं थांबलो होतो?”

मी पान दाखवलं.

“बलग़ लिहिलं नाहीस?”

“राहिलं.”

तिनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली. आजवर कधी घेतली नव्हती. पानाच्या कडेला तिनं तो शब्द लिहिला, आणि पेन्सिल तिच्याकडेच ठेवली. “आता गळलेला मजकूर नकलेत घालायला हवा. मी जेर्बाच्या प्रतीवरून वाचते, तू लिहून घेतलेलं तपास.”

गळलेल्या ओळी मी रात्री उतरून ठेवल्या होत्या. पुढे काय येणार हे मला माहीत होतं. तिनं त्या दिवशी मथळा आणि शेवट एवढंच पाहिलं होतं. मी म्हणालो, “मी वाचू का?”

“तुझा आवाज मला धड ऐकू येत नाही.” ती वाचू लागली. “फीजल. घरोघरी लावतात. पानं चिरलेली, निळसर.” ती थांबली, माझ्या टक्साठी. पेन्सिल तिच्याजवळ होती. मी मान हलवली.

“वाईट नजरेवर दाराला बांधतात. आणि लहान लेकरांच्या उशाशी ठेवतात, म्हणजे...”

हिंदच्या उशाखाली तिनं ती ठेवली होती. शेवटच्या आठवड्यात रोज ताजी. स्वतः शास्त्र शिकवणारी बाई, कुणाला दिसू नये म्हणून अभ्र्याच्या आत.

“म्हणजे,” ती पुन्हा म्हणाली. तिचं बोट ओळीवर होतं. मला वाटलं, ती पुढे वाचणार नाही.

“म्हणजे झोपेत ती दचकत नाहीत,” ती म्हणाली, आणि पुढच्या शब्दाला न जाता वाट पाहत राहिली.

टेबलावर पेन्सिल नव्हती. मी माझ्या कागदाकडे पाहिलं. तिथं तेच होतं, अक्षरन् अक्षर.

“जुळलं,” मी तोंडानं म्हणालो.