कुसुमावतीचा हात कोण उचलतं?

अमरगोळच्या मार्केट यार्डामागच्या शेडात शंभरेक माणसं श्वास रोखून बसलेली. धुपाच्या धुरात प्रभंजनअज्जा हा मांत्रिक कुसुमावतीची दृष्ट काढत होता, आणि मोठमोठ्या जांभया देत होता. जितक्या जांभया तितकी दृष्ट कडक, हे सगळ्यांना ठाऊक. "वायू म्हणजे वारा, वारा म्हणजे प्राण, प्राण कुणाचा ते बोल..." अर्धा तास हेच दळण. शेवटी कुसुमावतीलाही जांभई आली. आणि पक्षाघातानं दीड महिना लुळा पडलेला तिचा डावा हात सावकाश वर उठला.

"बंदळु नोडरी," अज्जा म्हणाला. आली बघा. बायकांनी हात जोडले.

"अक्का, घरात कुणी बाई तहानलेली गेली काय?"

कुसुमावतीला तिची जाऊ मथुरा दिसली. शेवटच्या दुखण्यात पाणी मागत होती, आणि हिनं कंटाळून तांब्या बाजूला सारला होता. याच हातानं. तिनं ते सांगून टाकलं.

"तीच बसलीया हातात," अज्जा म्हणाला. " हलवू नका, चोळू नका, हिरव्या फडक्यात बांधा. चिडली तर दुसराही नेईल."

घरी येऊन फिजिओथेरपिस्ट घ्यायची ते व्यायाम बंद झाले. तीन आठवडे हात मांडीवर पडून, दुसऱ्याच बाईचा असल्यासारखा. सकाळी जांभई आली की तो उठायचा आणि कुसुमावती पुटपुटायची, "मथुरे, चुकलं गं."

शेवटी तिचा मुलगा संजीव फिजिओथेरपिस्ट सावनीला परत घेऊन आला. तिनं सगळं ऐकलं. मग कुसुमावतीसमोर बसून जांभई दिली. परत दिली. तिसऱ्या वेळी कुसुमावतीचंही तोंड उघडलं आणि फडक्यासकट हात वर गेला.

"काय हो काकू, मथुराबाई माझ्या जांभईलाही येतात?"

संजीव हसला. कुसुमावती नाही.

"काही जणांचं होतं असं," सावनी म्हणाली. "ठरवून हात हलवायची मेंदूतली वाट तुटते, जांभईची वेगळी असते, ती शाबूत राहते. आणि जांभई बघून जांभई येतेच. अज्जाचं भांडवल एवढंच."

"पण पाणी मी दिलं नव्हतं गं."

"ते खरं असेल. त्याचं काय करायचं ते तुम्ही बघा. हात मात्र तुमचाच आहे, आणि पहिले महिनेच मोलाचे असतात. त्यातले तीन आठवडे गेले."

फडकं सुटलं. टेबलावर टॉवेल, त्यावर लुळा हात, त्यावर चांगला. पुढं, मागं, वीसदा. दम खाऊन परत वीसदा. दिवसातनं चार वेळा. ब्लाउज घालताना आधी लुळी बाही. उठवताना तो हात धरून ओढायचं नाही, खांदा दुखावतो.

नवव्या दिवशी चांगला हात बाजूला ठेवून तिनं जोर लावला. जांभई नव्हती. टॉवेल चार बोटं सरकला.

"मीच," कुसुमावती म्हणाली, आणि बराच वेळ रडली.

घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, हात गळला, बोलणं अडखळलं, तर आधी हॉस्पिटल गाठा, त्याच घटकेला. आणि नंतर कुणी हात बांधून ठेवा म्हणालं, तर का, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.