चौथ्याचा तुकडा अकराव्यावर

१

डॉक्टरीणबाईंनी कागदावर गुणसूत्रांच्या दोन कांड्या काढल्या. "ये चार नंबर, ये ग्यारह. इसका टुकड़ा उस पर, उसका इस पर. आपका कुछ कम नहीं है, स्वानंदजी. बस जगह बदल गई है."

त्यामुळे त्याचं स्वतःचं काही अडलं नव्हतं. मूल होताना मात्र बापाची अर्धीच गुणसूत्रं जातात, आणि त्या वाटणीत एखादा तुकडा जास्त जातो, एखादा जातच नाही. त्याच्या बायकोचे, मयुराचे, तिन्ही गर्भ तिसऱ्या महिन्यापुढे टिकले नव्हते.

"म्हणजे दोष माझा?"

"दोष मत कहिए. माँ या पिताजी से आया होगा. बहन है?"

होती. प्रमोदिनी. गुरसरायला दिलेली, अडीच महिन्यांची गरोदर.

"उनकी भी जाँच करवाइए. जल्दी."

२

झाशीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आई, यमुनाबाई, हिरव्या खणाची घडी घालत बसली होती. प्रमोदिनीची चोरचोळी. माहेरून न्यायची, गवगवा न करता.

"मयुरा नको हं बरोबर," आई हळू म्हणाली. स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतपतच हळू. "पोरीला तिसरा चाललाय. उगाच कशाला."

आत फोडणी करपल्याचा वास आला.

४

"आई, ते मयुरामुळे नाही. माझ्यामुळे आहे."

"तुला काय धाड भरलीय? चांगला घोड्यासारखा आहेस."

"म्हणूनच कळलं नाही. तुझ्याकडून आलं असेल, नाहीतर बाबांकडून. प्रमोलाही असू शकतं. तिला सांगायला हवं."

"खबरदार! पोटुशीच्या कानावर असलं घालतात का? आणि मला काय झालं होतं? दोन पोरं धडधाकट—"



३

स्वानंदच्या आधी आईचे दोन गर्भ गेले होते. एक न्हाणीत, एक दवाखान्यात. बाबा तेव्हा ड्यूटीवर बीनाला. सासू म्हणाली होती, हिचा पायगुण. छत्तीस वर्षं दाबून ठेवलेलं आईने आता सांगितलं, घडी मोडून पुन्हा घालत.

"जावेच्या ओटीला मलाही नेलं नव्हतं कुणी."

५

"भैया!" फोनवर प्रमोदिनी म्हणाली. "आई निघाली का? तिला सांग, खण-बिण ठीक है, पर करंज्या ज़रूर लाना."

स्वानंदने तिला तपासणीचं सांगितलं, आणि चुकीच्या टोकाकडून सांगितलं. आधी चार, मग अकरा.

 प्रमोदिनीने विचारलं, "मतलब... बच्चा जाएगा?"

"तसं नाही गं. तुझ्यात नसेलही. असलं तरी मूल चांगलं होऊ शकतं. आधी तुझं रक्त..."

मयुरा ओढणीला हात पुसत बाहेर आली. आईकडे न बघता तिने फोन घेतला.

"प्रमो, ऐक. उपाशी जायची गरज नसते, खाऊन जा. रिपोर्टला तीन आठवडे लागतात. तोवर बाळाचं काही विकत घेऊ नकोस. मी घेतलं होतं."