समोरून बघणाऱ्यांचा पंखा

माझं माहेर पार्ल्याचं. आमच्या गच्चीवरून विमानांची पोटं दिसायची. तेव्हा विमानं इतकी थोडी होती की एखादं डोक्यावरून गेलं की आई वाळत घातलेले पापड तसेच सोडून वर बघायची. पुढे मी मुलुंडला सून म्हणून आले तीही विमानवाल्याच्याच घरात. मार्तंडनी उभी नोकरी एका विमान कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काढली. एवढी विमानं हाताखालून गेली पण त्यातलं एकही आपलं नाही, ही सल घेऊन ते निवृत्त झाले. बाकीची माणसं निवृत्तीनंतर हास्यक्लबात जातात, यांनी विमान बांधायला घेतलं.

आमच्या सुमुहूर्त सोसायटीच्या मागे एक बॅडमिंटन कोर्ट आहे. त्यावर मी पदर खोचून मिक्स्ड डबल्स खेळले आहे आणि जिंकलेही आहे, हे आता कुणाला सांगून पटत नाही. कोर्टावर खेळणारी मुलं अमेरिकेला गेली आणि त्यांची मुलं मोबाइलवर खेळू लागली. मग रिकाम्या कोर्टावर पत्र्याची शेड घालून त्यात हे विमान उभं राहिलं. दोन माणसांचं, डबल बेडपेक्षा थोडं मोठं, पंख वेगळे काढता येणारं. बांधायला बरीच वर्षं लागली. मी विचारलं की म्हणायचे, "होतंय गं." घरातला गळका नळही त्यांच्या लेखी तेवढीच वर्षं होत होता.

मग आमच्याकडेही तो पाहुणा आला जो मुंबईत सगळ्यांकडे येतो, म्हणजे रिडेव्हलपमेंट. होळीपर्यंत जागा खाली करायची ठरली. नव्या टॉवरच्या नकाशात जिम होती, योगाचा ओटा होता, कुत्र्यांना फिरायला वेगळी हिरवळ होती. विमानाला जागा नव्हती. बिल्डरचा माणूस शेडमध्ये डोकावून म्हणाला, "काका, भंगारवाला आमचाच आहे, पाठवू का?" मार्तंड त्या रात्री जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

त्यांचे एक जुने सहकारी चंद्रप्रकाश. घाटावर एका माळावर त्यांची खासगी धावपट्टी आणि मोठी शेड आहे. मार्तंडनी फोन केला. स्पीकर चालू होता, म्हणून मीही ऐकलं.

"मार्तंडभाई, जागा देतो. पण एक अट आहे. माझ्याकडे हौशी लोकांची तीन विमानं पडली आहेत, तिन्ही ढकलत आणलेली. आता मेलेलं विमान मी घेत नाही. तुमचं स्वतःच्या इंजिनवर चालत शेडमध्ये आलं, तर मरेपर्यंत ठेवीन."

"येईल," मार्तंड म्हणाले.

विमानाला सगळं होतं, फक्त पंखा नव्हता. पंखा म्हणजे नाकावरचा प्रोपेलर. तो लाकडी आणि एकसंध घ्यायचा होता, ज्याच्या पात्यांचा पीळ कायमचा असतो. मला त्यांनी स्वयंपाकघरात दोन स्क्रू दाखवून समजावलं. दाट आट्यांचा स्क्रू हळूहळू पण सहज आत जातो, विरळ आट्यांचा एका फेऱ्यात खोल जातो पण मनगट दुखवतो. पंख्याचं तसंच. कमी पिळाचा पंखा विमानाला पटकन वर चढवतो, पण पुढे पळवत नाही. जास्त पिळाचा छान पळवतो, पण जमीन सोडताना रडतो.

"आणि नंतर बदलता येत नाही?"

"नाही. एकदा घडवला की तो कोन कायमचा."

"असं एक माझ्याकडे आहे," मी म्हटलं. ते हसले नाहीत.

घाटावरची पट्टी आखूड आणि तिच्या टोकाला निलगिरीची झाडं, म्हणून त्यांना चढणारा हवा होता. ते ऑर्डर देणारच होते, तेवढ्यात आमचे चेअरमन सुबोध वर्दे घरी आले. सोसायटीचं पन्नासावं वर्ष, जुन्या इमारतीचा शेवटचा सोहळा. "पंखा सोसायटीतर्फे भेट!" असं म्हणून त्यांनी मार्तंडना मिठीच मारली. मार्तंडचे डोळे भरून आले. माझे नाही आले. या सोसायटीने पाण्याचा पहिला पंप बसवला ते मला आठवत होतं. तेव्हाही सभा भरली होती, तेव्हाही सगळ्यांचं एकमत झालं होतं, आणि पंधरा दिवस आम्ही हातपंपावरून बादल्या आणल्या होत्या.

सभा गच्चीवर भरली. मार्तंडनी स्कूटरच्या गिअरचा दाखला दिला. "पहिल्या गिअरवर घाट चढतो, चौथ्यावर हायवे पळतो. या पंख्याला गिअर एकच. मला पहिला द्या."

"म्हणजे स्लो?" दुसऱ्या मजल्यावरचा राजेश म्हणाला. "काका, सोसायटीचं नाव लागणार ना त्याला? स्लो कशाला घ्यायचं यार?"

"स्लो नाही रे, चढणारा."

"ते एकच झालं ना!"

"घाटकोपरला माझ्या साडूंच्या सोसायटीत," वर्दे म्हणाले, "लिफ्टसुद्धा हायस्पीड घेतली."

तळमजल्यावरचे सहदेव परब कोपऱ्यात शेंगा सोलत बसले होते. त्यांचे वडील गिरणीत होते, घरात अजून मालवणी बोलतात. ते म्हणाले, "अरे, विमान वर चडूक नाय तर पळतला खय? एल.बी.एस. रोडवर?"

हशा पिकला आणि त्यामुळेच मुद्दा वाया गेला. शेवटी आमच्याकडे नेहमी होतं तेच झालं. निम्म्यांना चढणारा, निम्म्यांना पळणारा, म्हणून मधला. मार्तंडनी मनातल्या मनात झाडांची उंची मोजली आणि मान डोलावली. मधल्याने जेमतेम जमलं असतं.

मग सेक्रेटरी शर्मिष्ठा काणेकर उभ्या राहिल्या. शर्मिष्ठा हुशार बाई. सोसायटीचा एकही कागद तिने कधी हरवला नाही, आणि एकही माणूस बोलून पुरा होऊ दिला नाही.

"काका, फिरणार कसा तो? हाताने दाखवा ना."

मार्तंड सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी हात फिरवला. गच्चीवर कुजबुज झाली.

"अहो, ही तर उलटी प्रदक्षिणा!"

"तुम्ही समोरून बघताय म्हणून," मार्तंड म्हणाले. "विमानात बसून बघितलं की सुलटीच दिसते."

"पण विमानात बसणार कोण? तुम्ही एकटे. आम्ही सगळे समोरूनच बघणार ना!"

"इंजिन ज्या बाजूला फिरतं त्याच बाजूचा पंखा लागतो, शर्मिष्ठा."

"ते टेक्निकल झालं. आपण भावनेचं बोलतोय."

मार्तंडना ती थट्टा वाटली. ते मनापासून हसले आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ झाली म्हणून आम्ही दोघं खाली आलो. सोसायटीच्या सभेतून लवकर उठू नये, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. आम्ही जिना उतरत होतो तेव्हा वर 'ऐनवेळचे विषय' सुरू झाले होते.

पंखा कोइमतूरच्या कारागिराकडून आला तो थेट शर्मिष्ठाच्या घरी. मुहूर्तापर्यंत उघडायचा नाही, असं कमिटीने ठरवलेलं. मार्तंड दोनदा जाऊन लाल कापडावरून हात फिरवून आले. नवरी बघायला गेले होते तेव्हा एवढे उत्सुक नव्हते, मी तिथे होते.

शनिवारी विमान पंख सोडून टेम्पोत चढलं आणि पाठोपाठ बस भरून सुमुहूर्त सोसायटी घाटावर गेली. माळावर बॅनर लागला. त्यावर वर्दे मोठे होते आणि विमान लहान. पंख जोडून झाले. नारळ फुटला. वर्देंनी कापड ओढलं.

पंखा सुंदर होता. शिसवीसारखा तकतकीत, मधोमध सोसायटीचं बोधचिन्ह. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मार्तंडनी पात्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळवा फिरवला आणि ते गप्प झाले. त्यांचं असं गप्प होणं मी ओळखते. लेकाने इंजिनिअरिंग सोडतो म्हटलं तेव्हा ते असेच गप्प झाले होते.

"काय झालं?" मी जवळ जाऊन विचारलं.

"उलटा आहे. उलट फिरणाऱ्या इंजिनचा. आपल्या इंजिनवर हा वारा मागे टाकायच्या ऐवजी पुढे टाकेल. विमान मागे जाईल, पद्मा."

शर्मिष्ठाने ऐकलं. "उलटा कसा? मी स्वतः फोनवर सांगितलं, समोरून बघताना सुलटा पाहिजे. ठराव झालाय काका. एकमताने."

"मग पलटून बसवू," वर्दे म्हणाले. "त्यात काय!"

"पलटून पीळ बदलत नाही. स्क्रू उलटा धरला म्हणून त्याचे आटे उलटे होतात का?"

"तुम्ही ना मार्तंडराव, फार निगेटिव्ह बोलता."

चंद्रप्रकाश हातातलं घड्याळ बघत उभे होते. भला माणूस, पण त्यांची अट त्यांना पाठ होती. "मार्तंडभाई, आज नाही तर नाही. सोमवारी ती जागा मी दुसऱ्याला देतोय. ढकलून आणलेलं मी घेणार नाही, तुम्हाला माहीत आहे."

मार्तंड विमानाच्या पंखाला टेकून उभे राहिले. भंगारवाला आमचाच आहे, हे वाक्य त्यांच्या कानात वाजत होतं. मला माहीत होतं, कारण माझ्याही कानात तेच वाजत होतं. त्या वेळी मी शेडकडे बघितलं. शेड विमानाच्या नाकासमोर होती, दार सताड उघडं.

"चंद्रप्रकाशजी," मी विचारलं, "तुमची अट काय आहे नक्की? स्वतःच्या इंजिनवर आत यायचं, एवढीच ना?"

"एवढीच, भाभी."

"तोंड आधी की शेपूट आधी, असं काही?"

त्यांनी घड्याळावरून नजर उचलली. "असं काही बोललो नव्हतो."

"मग अहो, विमान फिरवून ठेवा. शेपूट शेडकडे करा."

मार्तंडनी माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या बॅडमिंटन कोर्टावर मॅच पॉइंटला बघायचे. मग शेपूट धरलं. परब धावले, राजेश धावला आणि विमान जागच्या जागी गर्रकन फिरलं. पंखा बसला. आता नाकासमोर बॅनर, खुर्च्या आणि कमिटी.

"बाजूला व्हा, सगळे बाजूला!" मार्तंड आत बसून ओरडले.

"आम्ही समोरूनच बघणार!" वर्दे म्हणाले. शेवटी परबांनी हाताला धरधरून लोकांना कडेला नेलं. कमिटी मात्र बॅनरखाली फोटोसाठी उभीच राहिली, लांब होती म्हणून बरं.

इंजिन सुरू झालं. पंखा समोरून बघताना उलटाच फिरत होता, हे शर्मिष्ठाच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. मार्तंडनी जोर वाढवला. माळावरची सगळी धूळ उठली आणि कमिटीच्या अंगावर गेली. वर्देंची टोपी गेली, पेढ्यांच्या खोक्यांची झाकणं गेली, बॅनर दोन काठ्यांसकट आडवा झाला. विमान आधी नुसतं थरथरलं. मग ते हळूहळू, कुरकुरत, एखादी जुनी सासू माजघरात जावी तसं पाठमोरं शेडकडे निघालं. चंद्रप्रकाश शेपटाच्या बाजूने चालत हाताने खुणा करत होते. विमान उंबऱ्यावर अडलं, मार्तंडनी आणखी जोर दिला, आणि ते आत गेलं. नाक, पंखा, बोधचिन्ह, सगळं.

इंजिन बंद झाल्यावर इतकी शांतता झाली की परबांचं वाक्य सगळ्यांना ऐकू आलं. "वहिनीनू, शेवटी म्हातारो रिव्हर्स गिअरवरच घरात इलो."

चंद्रप्रकाशांनी शेडचं दार लावून किल्ली मार्तंडच्या हातात दिली. "आलं ते आलं. राहू दे मरेपर्यंत. पण पुढच्या वेळी पंखा सभेत ठरवू नका."

वर्देंनी डोळ्यांतली धूळ पुसत तिथेच भाषण केलं. विमान पार्क करायचा प्रश्न कमिटीच्या दूरदृष्टीमुळे सुटला, असा त्याचा सारांश. अभिनंदनाचा ठराव मांडला गेला. सूचक शर्मिष्ठा, अनुमोदक राजेश, एकमताने मंजूर. तो पंखा आता नव्या टॉवरच्या लॉबीत भिंतीवर लावायचा आहे, आणि कोणती बाजू दर्शनी ठेवावी यावर दोन सभा होऊन गेल्या आहेत.

परतीच्या बसमध्ये मार्तंड खिडकीशी बसले. किल्ली त्यांच्या मुठीत होती. घाट उतरून झाल्यावर म्हणाले, "नवा मागवतो. पहिल्या गिअरचा, चढणारा. झाडांच्या वरून जाणारा."

"कुणाला विचारून?"

"तुला."

मागे वर्दे पुढच्या सभेची तारीख ठरवत होते. मी आवाज खाली आणला.

"मग उद्याच फोन करा. आणि शेजारच्या सीटचा पट्टा थोडा सैल ठेवा, मी साडीतच बसणार आहे."