नाव न छापलेली बातमी

इथं आखातात, जनाबियात आमच्या शेजारी राहणाऱ्या पूर्णिमाबाईंनी नागम्माचा पासपोर्ट कपाटात कुलपात ठेवला होता. नागम्मा त्यांच्याकडे घरकाम करायची. गावी तिची आई अंथरुणाला खिळलेली, आणि तिनं सुट्टी मागितली की बाई म्हणायच्या, "ईदनंतर बघू."

माझी नात उत्पला तेव्हा शाळेसाठी अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्धच्या वर्तमानपत्रांवर लिहीत होती. ती बापाला म्हणाली, "पप्पा, नागम्माचं हे तुमच्या मराठी मंडळाच्या मासिकात छापा ना! त्या पेपरवाल्यांनी छापलंच ना, दे डिड इट."

माझा मुलगा अश्वजित घाबरला. "त्या बाईचा नवरा माझा साहेब आहे. नाव छापलं की माझा व्हिसा खलास."

मला माझे वडील आठवले. संध्याकाळी ते आमच्या वस्तीला पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. आपल्यासारख्यांवरच्या जुलमाची बातमी आली की बायका हातातलं काम टाकून पुढं सरकायच्या.

मी म्हटलं, "नाव नको छापूस. पण छाप."

'जनाबियातल्या एका घरात' एवढंच त्यानं लिहिलं.

अंक निघाला आणि शुक्रवारी पूर्णिमाबाई दारात!

"काकू, ते आमच्याबद्दल नाही ना? आम्ही तर हिचा पासपोर्ट कधीच दिलाय."

मागं नागम्मा पासपोर्ट छातीशी धरून उभी होती. "अम्मा, आज का टिकट है," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत अश्वजितला आणखी दोन घरांतून असेच खुलाशाचे फोन आले. त्या घरांबद्दल आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. उत्पला पोट धरून हसली.

अश्वजित हुश्श करून सोफ्यावर बसला. "आई, चहा टाक."